जपानचा एकांतवास आणि कोरियाचा तह

जपानचा एकांतवास संपूर्ण होता असे मानले जाते. ते तितकेसे बरोबर नाही. तोकुगावा राजवटीत नागासाकीच्या देजिमा बेटावर डचांची वखार चालू होती, चिनी व्यापारीही त्या बंदरात येत आणि त्सुशिमामार्गे कोरियाशी व्यवहार होता. १८५३ मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी चार युद्धनौका घेऊन आला. पुढच्या वर्षी तह झाला. खरा जाच १८५८ च्या तहांचा. परकीयांवर जपानी न्यायालयात खटला चालेना आणि जकात स्वतः ठरवण्याचा हक्कही गेला. १८७१ मध्ये सरंजामी संस्थानांचे विसर्जन, १८७२ ची शिक्षणव्यवस्था, १८७३ ची सक्तीची लष्करभरती या मेइजी सुधारणा त्या जाचाच्या पार्श्वभूमीवर वाचायला हव्यात.

या कथेचा पुढचा भागही सुटायला नको. स्वतःवरचे विषम तह कायम असतानाच जपानने १८७६ मध्ये तोफांच्या धाकाने कोरियाला गांघ्वाचा तह मान्य करायला लावला. बंदरे खुली करून घेतली आणि तिथल्या जपान्यांना कोरियन न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले. पेरीच्या तहाला तेव्हा जेमतेम २२ वर्षे झाली होती. १८९५ मध्ये तैवान जपानच्या ताब्यात गेले, १९१० मध्ये कोरिया. जपानला स्वतःचा जकातीचा पूर्ण हक्क मिळाला तो १९११ मध्ये.

१९०५ मधील जपानच्या रशियावरील विजयाने हिंदुस्थानात, महाराष्ट्रातही, जागवलेली उमेद खरी होती. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात जपानने कोरियाचा परराष्ट्र कारभार आपल्या हाती घेतला.