चेन ओढल्यानंतर

२० जानेवारी २०२०. नेपाळमधलं दामन, उंची सुमारे २,३०० मीटर. रात्री साडेनऊच्या सुमारास केरळचे १५ पर्यटक मुक्कामाला पोचले. खोल्या चार घेतल्या होत्या, पण थंडीमुळे दोन जोडपी आणि त्यांची चार मुलं एकाच खोलीत झोपली. गॅसचा हीटर चालू, खिडक्या बंद, दाराला आतून कडी. सकाळी आठही जण बेशुद्ध सापडले. हेलिकॉप्टरने काठमांडूला नेलं. आठही गेले होते.

आता तेच घड्याळ नाशिकला लावून पाहायचं. खालचा तंबू आणि त्यातली माणसं नमुन्यादाखल घेतली आहेत. कार्बन मोनॉक्साइड या वायूचं गणित मात्र खरं आहे.

दुपारी ३.००
डिसेंबरातला शनिवार. तिघा मित्रांची बांधाबांध चालली आहे. तीन स्लीपिंग बॅगा, खाली अंथरायला फोमच्या मॅट, कानटोप्या, जादा मोजे, टॉर्च. तयारी चांगली आहे. रात्रीच्या चिकनसाठी लोखंडी शेगडी आणि २ किलो कोळसा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म यादीत नाही. तो तळहातावर मावतो आणि सेलवर चालतो.

संध्याकाळी ५.३०
गंगापूर धरणाचा काठ. तंबू पाण्यालगत ठोकला जातो, कारण फोटो तिथून चांगला येतो. थंड हवा जड असते, ती उतारावरून घसरून सखल जागी साचते. जरा वर चढून गेलं असतं तर जागा कोरडी आणि उबदार मिळाली असती.

६.००
सूर्य मावळतो. आभाळ निरभ्र आहे, म्हणजे जमीन झपाट्याने गार होणार.

८.३०
शेगडी पेटली आहे. धुराने डोळे चुरचुरतात, तिघंही तोंड फिरवतात, खोकतात. धोक्याची ही सूचना शरीर आपणहून देतं. इतकी स्पष्ट सूचना रात्रभरात पुन्हा मिळणार नाही.

१०.१५
ज्वाळा विझल्या. कोळशांवर पांढरी राख, आत लाल निखारे. कुणीतरी म्हणतो, “धूर गेला, आता काही नाही.”

या वाक्याशी थांबायला हवं. धूर दिसतो, झोंबतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, तो घशाला लागतही नाही. कोळशाला हवा अपुरी पडली की हा वायू बनतो आणि धुमसणाऱ्या निखाऱ्यात नेमकं तेच होत असतं. शेगडी निरुपद्रवी दिसायला लागते तेव्हाही तिचं काम चालूच असतं.

११.००
“दहा मिनिटं आत ठेवू, ऊब आली की काढू.” शेगडी तंबूत येते. वारा आत येतो, म्हणून वरची झडप लावून घेतात. मग दाराची चेन वरपासून खालपर्यंत ओढली जाते.

तिघांच्या तंबूत साधारण ३ घनमीटर, म्हणजे ३,००० लिटर हवा असते. तिच्यात २.४ लिटर कार्बन मोनॉक्साइड मिसळला की प्रमाण दहा लाखांत ८०० होतं. तेवढा वायू मूठभर कोळशातून निघू शकतो. शेगडीत कोळसा त्याहून बराच जास्त आहे.

११.१०
शेगडी बाहेर काढायची वेळ. दोघांना झोप लागली आहे. तिसरा म्हणतो, थोड्या वेळाने काढतो.

११.४५
८०० च्या हवेत पाऊण तासात डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. जागा असलेला कूस बदलतो. दुपारचं ऊन बाधलं असेल, चिकन तिखट झालं होतं, थंडी आहे. कारणं भरपूर आहेत आणि सगळी पटण्यासारखी. झोपलेल्या दोघांना डोकेदुखी कळतही नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. एकदा धरलं की लवकर सोडत नाही.

१२.३०
तिसऱ्याला चेन उघडावीशी वाटते. ती हाताच्या अंतरावर आहे. पण अंगातली ताकद गेली आहे, विचारही धड जुळत नाही. तो उठत नाही.

१.०० ते २.००
८०० च्या हवेत दोन ते तीन तासांत मृत्यू येऊ शकतो.

५.००
निखारे विझले आहेत. कापडातून, शिवणींतून वायू हळूहळू बाहेर जातो. बाहेर पारा ८ अंशांवर आहे. ही थंडी नुसत्या स्लीपिंग बॅगांनी भागली असती. फार तर उकळलेलं पाणी भरलेली, झाकण घट्ट लावलेली स्टीलची बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवायची.

७.१५
शेजारच्या तंबूतला माणूस चहाला हाक मारतो. उत्तर नाही. तो बाहेरून चेन उघडतो. दोघांची नाडी लागत नाही. तिसऱ्याचा श्वास चालू आहे. त्याला ओढून मोकळ्या हवेत आणतात, १०८ ला फोन करतात.

साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. म्हणून रुग्णवाहिका आल्याबरोबर पहिल्यांदा सांगायचं ते हे, की आत शेगडी होती. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही. तो ९८ दाखवू शकतो.