पोर्शे ९११ : तेलटाकी

जर्मनीच्या पोर्शे कंपनीच्या ९११ या स्पोर्ट्‌स मोटारीतील, इंजिनापासून वेगळी बसवलेली वंगण-तेलाची टाकी. या मोटारीचे १९९८ पर्यंतचे, हवेने थंड होणारे सहा सिलिंडरचे इंजिन ‘ड्राय संप’ पद्धतीचे होते. एक पंप इंजिनाच्या तळाशी जमणारे तेल उपसून टाकीत पाठवतो, तर दुसरा टाकीतले तेल दाबाने बेअरिंगांना पुरवतो. त्यामुळे वेगाने वळण घेतानाही तेलपुरवठा खंडित होत नाही. तेलाची पातळी इंजिन तापलेले व मंद गतीने चालू असताना, मोटार सपाट जागी उभी करून मोजतात.

आरंभापासून १९७१ पर्यंतच्या मॉडेलांत टाकी उजव्या मागच्या चाकाच्या मागे होती. मागील टोकावरचा भार घटावा म्हणून १९७२ च्या मॉडेलात ती चाकाच्या पुढे आणली गेली. तेल भरण्यासाठी उजव्या दरवाजामागे, बाजूच्या छोट्या काचेखाली पत्र्याचे झाकण दिले गेले. ते पेट्रोलचे समजून पंपावर टाकीत पेट्रोल ओतले जाई. परिणामी १९७३ मध्ये टाकी पुन्हा मागे गेली. १९८९ मध्ये आलेल्या ९११ च्या ९६४ मालिकेत ती परत चाकापुढे आली, मात्र बाहेरील झाकणाशिवाय.

बाहेरचे झाकण ही १९७२ ची ठळक खूण होय. तथापि जुन्या मोटारींचे पत्रे बदललेले असू शकतात. म्हणून चॅसिस क्रमांक ताडून पाहावा. ९११२ ने सुरू होणाऱ्या क्रमांकातील चौथा अंक १९७२ चे मॉडेल दर्शवतो.