स्वयंभू संख्या आणि बिनगुरूचा संशोधक

१९२७ साली फर्ग्युसन महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याला गणितातल्या स्वतंत्र लेखनासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९मध्ये तो मुंबई विद्यापीठाचा बी.एस्सी. झाला. १९३०मध्ये देवळालीला शाळामास्तर म्हणून रुजू झाला आणि १९६२ साली मास्तर म्हणूनच निवृत्त झाला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नाशिककरांना ठाऊक आहेत ते ६१७४ या संख्येमुळे. मला मात्र गेली काही वर्षे १९२९ आणि १९३० यांमधली जागा छळते आहे. विद्यार्थिदशेत स्वतंत्र लेखनासाठी पारितोषिक मिळवणारा मुलगा संशोधनाच्या वाटेवरून इतक्या लवकर बाजूला का होतो?

कापरेकरांचा जन्म १९०५चा, डहाणूचा. आई ते आठ वर्षांचे असताना गेली. वडील कारकून; ज्योतिषाचा नाद असलेले. पोराला आकड्यांची गोडी लागली ती त्यांच्यामुळेच, असे म्हणतात. पुण्याला स्वतःचे विद्यापीठ मिळायला अजून वीस वर्षे होती, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेला पंधरा. शिष्यवृत्त्या मोजक्या. पुढे शिकायचे म्हणजे आणखी काही वर्षे घरावर भार टाकायचा. कारकुनाच्या मुलाने पगाराची नोकरी का धरली, हे समजायला फारशी कल्पनाशक्ती लागत नाही.

त्या नोकरीने त्यांना पोट दिले, आणि संख्यांशी खेळायला संध्याकाळीही दिल्या. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार आकडी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. येईल त्या संख्येवर पुन्हा तेच. त्यांच्या निवृत्तीचे साल घेऊ : ९६२१ वजा १२६९ म्हणजे ८३५२, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. दोन पायऱ्यांत पोहोचलो. सातपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत. कापरेकरांनी हा शोध मद्रासच्या गणित परिषदेत मांडला ते १९४९ साल गंमत म्हणून घेतले, तर नेमक्या सातही लागतात.

परिषदेनंतर काय झाले, ते जास्त बोलके आहे. ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकी नियतकालिकात ६१७४वरचे टिपण आले १९५५ साली. मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले मार्च १९७५मध्ये, आणि मग जगाला हे नाव कळले. मद्रासनंतर सव्वीस वर्षांनी. मधल्या काळात बरेचसे लेखन त्यांनी स्वतःच छापलेल्या पुस्तिकांतून केले. पुष्कळ गणितज्ञांच्या लेखी ही नुसती करमणूक होती.

‘गणितानंद’ म्हणून आपण त्यांचे कौतुक करतो. नदीकाठी बसून संख्यांत रमलेला साधा मास्तर हे चित्र गोड आहे, खोटेही नाही. पण त्या चित्राने आपली फार सोय होते, असे मला वाटते.

त्यांच्याच एका कल्पनेतून हे सांगतो. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५मध्ये १ आणि ५ मिळवले की २१ येतात. म्हणजे १५ ही २१ची जनक. २०ला असा जनक सापडत नाही. ३१ला नाही, ४२लाही नाही. या बिनजनकाच्या संख्या म्हणजे स्वयंभू संख्या. त्यांच्या गावावरून त्यांना देवळाली संख्याही म्हणतात. निवृत्तीनंतर वर्षभरात, १९६३ साली, या संख्यांवरची पुस्तिका त्यांनी देवळाली कॅम्पातून स्वतः प्रसिद्ध केली. आता प्रश्न असा, की मोजत मोजत पुढे गेलो तर या संख्या विरळ होत जातात, की त्यांचे प्रमाण एका ठरावीक मूल्याजवळ स्थिरावते? प्रमाण स्थिरावते आणि ते शून्य नसते, हे १९८२ साली एका इटालियन गणितज्ञाने सिद्ध केले. तेव्हा कापरेकर हयात होते. १९८६मध्ये ते वारले. असल्या सिद्धतेला लागणारी हत्यारे पदव्युत्तर वर्गात हातात पडतात. निरीक्षण देवळालीचे, पण सिद्धता दुसरीकडची. ‘यातली ही गंमत सोड, हिचा पाठपुरावा कर’ असे सांगणारे माणूस पंचविशीत भेटले असते, तर? उत्तर मला देता येणार नाही. पण प्रश्न विचारायचाच नाही, याला मात्र माझी हरकत आहे. माणसाला स्वयंभू म्हटले की त्याच्यासाठी काही करायचे राहून गेले, ही गोष्टच पुसली जाते.

नुसता दरवाजा उघडून भागत नाही, हेही त्याच काळात दिसते. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण कमला १९३३मध्ये मुंबईची बी.एस्सी. झाली आणि तिने बंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेत अर्ज केला. वडील आणि काका तिथेच शिकलेले रसायनशास्त्रज्ञ, म्हणजे तिच्यामागे माहीतगार घर होते. तरीही संचालक रामन यांनी ती बाई म्हणून नकार दिला. ती हटली नाही. मग प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल, प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये. हा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. तिथले त्यांचे गुरू श्रीनिवासय्या मात्र कडक आणि प्रेमळ होते. पुढे केंब्रिजच्या प्रयोगशाळेत जागा नव्हती, तेव्हा डेरेक रिश्टर यांनी, मी रात्री काम करीन, दिवसा माझे टेबल तुम्ही वापरा, असे सांगितले, ही आठवण प्रसिद्ध आहे. १९३९मध्ये कमलाबाईंना डॉक्टरेट मिळाली. पुढच्या कमला सोहोनी त्या ह्याच. बुद्धी बंगळुरूत होती तीच केंब्रिजमध्ये होती. फरक टेबल देणाऱ्याचा.

मी स्वतः गणिताचा पदवीधर नाही; जे येते ते जुनी नियतकालिके चाळून आले. म्हणून असेल, नाशिकच्या महाविद्यालयांतली एम.एस्सी.ची मुले भेटली की मी त्यांना विषय विचारत नाही, पुढचे विचारतो. राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० रुपये झाली आहे; कापरेकरांच्या पिढीला हे स्वप्नवत वाटले असते. पण ती मिळणारे थोडे. बाकीच्यांसमोर सातपूर-अंबडच्या कंपन्या, शिकवणी वर्ग किंवा स्पर्धा परीक्षा. आणि पाठ्यवृत्ती मिळालेली मुलेही पैशांआधी दुसरेच काही बोलतात : गाइड दोन-दोन महिने भेटत नाहीत, प्रयोग फसला तर सांगायचे कुणाला, घरचे विचारतात अजून किती वर्षे.

कापरेकरांना असे विचारणारे घर होते की नाही, मला माहीत नाही. १९६६मध्ये पत्नी गेली. राहणी अत्यंत साधी असूनही पेन्शन पुरेना, म्हणून साठी ओलांडलेल्या मास्तरांनी गणित-विज्ञानाच्या शिकवण्या सुरू केल्या. गार्डनर यांचा लेख छापून आला तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते.