विनामूल्य वाहिन्यांचा जमाखर्च

कीर्तनाला बसणाऱ्यास तिकीट काढावें लागत नाहीं. परंतु शेवटीं आरतीचें ताट फिरतें, आणि बुवांची बिदागी व समईचें तेल यांची सोय त्यांतून किंवा एखाद्या यजमानाच्या थैलींतून होते. करमणूक फुकट मिळाली तरी ती फुकट तयार होत नाहीं, हा व्यवहार फार जुना आहे. नभोवाणी निघाली तेव्हां मात्र एक नवाच पेंच उभा राहिला. आकाशांतून जाणारा आवाज कोणीही ऐकावा. ऐकणारा कोण आहे, कोठें बसला आहे, हें बोलणाऱ्यास कळण्याचा मार्गच नव्हता. मग ताट फिरवावयाचें कोणापुढें? या प्रश्नाचीं जीं उत्तरें गेल्या शंभर वर्षांत निघालीं, त्यांतील अगदीं अलीकडचें उत्तर म्हणजे दूरचित्रवाणी-यंत्रावर इंटरनेटमधून विनामूल्य दिसणाऱ्या, जाहिरातींवर पोसलेल्या वाहिन्या.

पहिलें उत्तर यंत्रें विकणारांनीं दिलें. २ नोव्हेंबर १९२० रोजीं अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथून 'केडीकेए' या केंद्रानें अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल ध्वनिक्षेपित केले. हें केंद्र वेस्टिंगहाउस या विद्युत्-यंत्रें बनविणाऱ्या कंपनीचें होतें. ऐकण्यासारखें कांहीं असेल तरच लोक यंत्र घेतील, हा तिचा साधा हिशेब. दुसरें उत्तर इंग्लंडनें दिलें: १९२२ पासून तेथें यंत्र बाळगणारास वर्षाला दहा शिलिंगांचा परवाना काढावा लागे, आणि कार्यक्रमांत जाहिरातींना मज्जाव असे. हिंदुस्थानांतही तोच मार्ग पत्करण्यांत आला. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस सुरू झालेल्या इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीची मुख्य भिस्त दहा रुपयांच्या वार्षिक परवान्यावर होती. परंतु परवाने काढणारे थोडे आणि खर्च मोठा, यामुळें १९३० सालीं कंपनी मोडली, व केंद्रें सरकारास आपल्या हातीं घ्यावीं लागलीं.

तिसरें उत्तर न्यूयॉर्कमधून आलें. तेथें अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीनें 'डब्ल्यूईएएफ' हें केंद्र काढलें. टेलिफोनवर बोलणारा जसा बोलण्याचे पैसे देतो, तसेच ते ध्वनिक्षेपकावर बोलणारानेंही द्यावे, असा तिचा विचार होता. २८ ऑगस्ट १९२२ रोजीं क्वीन्सबरो कॉर्पोरेशन या घरें बांधणाऱ्या संस्थेनें पन्नास डॉलर मोजून कांहीं मिनिटें घेतलीं, आणि जॅक्सन हाइट्स येथील आपल्या बिऱ्हाडांची, गर्दीपासून दूरच्या मोकळ्या हवेची, वाखाणणी केली. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूव्हर यांनीं, सेवेचें इतकें थोर साधन जाहिरातींच्या बडबडींत बुडूं द्यावें ही कल्पनाही करवत नाहीं, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. पण पैसा बडबडीच्या बाजूस होता. १ जुलै १९४१ रोजीं न्यूयॉर्कच्या दूरचित्रवाणीवर बेसबॉलच्या सामन्याच्या वेळीं बुलोव्हा घड्याळांची जाहिरात झळकली, आणि तीच रीत चित्रासही लागू झाली.

यजमान बदलला कीं कीर्तनाचें आख्यानही बदलतें. जाहिरातदारच कार्यक्रमाचे धनी झाल्यावर त्यांस रुचेल तेंच रंगमंचावर येऊं लागलें. 'ट्वेंटी-वन' या प्रश्नमंजूषेंतील स्पर्धकांस उत्तरें आधींच पढविलीं जात, हें १९५९ सालीं अमेरिकन काँग्रेसच्या चौकशींत उघडकीस आलें. त्यानंतर कार्यक्रम वाहिनीनें करावा व जाहिरातदारानें केवळ मधली मिनिटें विकत घ्यावीं, या पद्धतीनें जोर धरला. हिंदुस्थानांत जाहिरात उशिरां आली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणें व नागपूर येथून विविध भारतीवर, आणि १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर ती सुरू झाली. १९८४ सालच्या 'हम लोग' या मालिकेबरोबर मॅगीच्या शेवया घरोघरीं पोहोंचल्या.

या साऱ्या व्यवस्थेंत एक उणीव मात्र कायम राहिली. कोण पाहतो हें निश्चित ठाऊक नव्हतें. थोड्या घरांत नोंद करणारीं साधनें ठेवून बाकीच्यांचा अदमास बांधीत, व जाहिरात सर्वांस सरसकट एकच दाखवीत. गठ्ठ्यानें विकल्या जाणाऱ्या या प्रेक्षकवर्गांत एकेक घर निनांवी राही.

ही उणीव इंटरनेटनें दूर केली. २०१३ सालीं लॉस एंजेलिस येथें स्थापन झालेल्या प्लूटो टीव्ही या कंपनीनें पुढील वर्षीं आपल्या वाहिन्या लोकांपुढें आणल्या. त्या दिसण्यांत जुन्या दूरचित्रवाणीसारख्याच: वाहिनी लावावी, व त्या घटकेस जें चालू असेल तें पाहावें. मनोरा नको, उपग्रह नको; संगणकांत कार्यक्रमांची क्रमवारी लावून ठेवली कीं वाहिनी अहोरात्र चालते. चित्रसंस्थांच्या कोठारांत पडलेल्या जुन्या मालिका व चित्रपट यांना त्यामुळें नवें आयुष्य लाभलें. हक्क असणारांस कधीं भाडें मिळतें, कधीं जाहिरातींच्या उत्पन्नाचा ठरीव वांटा, तर कधीं कांहीं जागा स्वतः विकण्याची मुभा. धंदा इतका वधारला कीं २०१९ सालीं व्हायाकॉम कंपनीनें प्लूटो टीव्हीस चौतीस कोटी डॉलर मोजले.

यांतील खरी खुबी जाहिरातीच्या जागीं आहे. चित्र अखंड वाहतें असें भासलें, तरी तें कांहीं सेकंदांच्या तुकड्यांनीं येतें. पुढचा तुकडा कोणता, याची यादी यंत्र वारंवार मागवून घेतें. कार्यक्रमांत विराम असेल तेथें एक खूण पेरलेली असते. ती आली कीं दूरच्या संगणकावर त्या एका घरापुरत्या जागेचा जणूं लिलाव पुकारला जातो. यंत्र कोणत्या गांवीं आहे, तेथें काय पाहिलें जातें, अशा माहितीवरून जाहिरातदारांचे संगणक दर हजारीं भावानें बोली करतात, व जिंकणाऱ्याची जाहिरात त्या घराच्या यादींत गोंविली जाते. हें सर्व क्षणार्धांत घडतें. एकच मालिका पाहणाऱ्या दोन शेजाऱ्यांस म्हणूनच भिंतीच्या एका बाजूस मोटारीची, तर दुसऱ्या बाजूस औषधाची जाहिरात दिसूं शकते. बोली करणारे थोडे असले म्हणजे तीच ती जाहिरात पुनःपुन्हां डोळ्यांपुढें येते.

येथें इतिहासानें एक गमतीचा फेरा घेतला आहे. यंत्रें बनविणारे पुन्हां वाहिन्यांचे धनी झाले. सॅमसंगनें २०१५ सालीं आपली विनामूल्य सेवा काढली. २०२१ सालीं ती भारतांतही आली. अमेरिकेंतील व्हिझिओ कंपनीच्या २०२१ च्या हिशेबांत यंत्रांच्या विक्रीपेक्षां जाहिराती व तत्सम सेवांतून निघालेला ढोबळ नफा अधिक होता. वेस्टिंगहाउसनें यंत्र खपावें म्हणून कार्यक्रम केला. आतां जाहिरात खपावी म्हणून यंत्र स्वस्त दिलें जातें.

या स्वस्ताईची दुसरी बाजूही २०१७ सालीं दिसून आली. सुमारें एक कोटी दहा लक्ष यंत्रांवर काय पाहिलें जातें याची नोंद मालकांच्या संमतीवांचून केल्याच्या आरोपावरून व्हिझिओनें अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशीं व न्यू जर्सी राज्याशीं बावीस लक्ष डॉलर देऊन तडजोड केली. दहा रुपयांचा परवाना काढणाऱ्या मुंबईकरास आपण काय देतों हें पक्कें ठाऊक होतें, आणि तो काय ऐकतो हें कोणास ठाऊक नव्हतें. आजच्या प्रेक्षकाची स्थिति नेमकी उलट आहे. दरमहाचें बिल ज्या कुटुंबास परवडत नाहीं, त्याला या वाहिन्या मोठ्याच सोयीच्या आहेत, यांत संशय नाहीं; आणि जाहिरात पाहून करमणूक मिळविणें हा कांहीं अप्रामाणिक सौदा नव्हे. मात्र सौदा म्हटला कीं दोन्ही पक्षांस किंमत दिसली पाहिजे. नव्या यंत्राच्या पडद्यावर संमतीची जी लांबलचक पाटी पहिल्या दिवशीं उमटते, ती न वाचतांच पुढें सारली जाते. आरतीचें ताट तेंच असतें.