वॉलेस, दुरियान आणि भोपळ्याची गोष्ट (थ्रेड)

आल्फ्रेड रसेल वॉलेस हे नाव बहुधा डार्विनच्या नावाला जोडूनच घेतले जाते. आजचा थ्रेड मात्र त्याने खाल्लेल्या एका फळाविषयी.

१८५४ साली वॉलेस मलायी द्वीपसमूहात आला. कीटक, पक्षी, प्राणी जमवून ते युरोपात विकणे हा त्याचा चरितार्थ. मलाक्का येथे त्याने दुरियान प्रथम तोंडाशी नेला, पण घरात कोंडलेल्या त्या दर्पानेच त्याचे मन विटले.

पुढे बोर्निओ बेटावरील सारावाकच्या अरण्यात एक पिकलेला दुरियान त्याला जमिनीवर पडलेला सापडला. उघड्या हवेत बसून त्याने तो खाल्ला आणि तेथपासून तो ह्या फळाचा निस्सीम भक्त झाला.

दुरियान दिसतो फणसाच्या जातीचा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो काटेसावरीचा आप्त आहे. काटे इतके टणक की फळ हातात धरणेही अवघड. आत पाच कप्पे आणि त्यांत दाट, सायीच्या रंगाचा गर. बदाम घातलेल्या कस्टर्डपासून चीज, कांद्याचा सॉस व शेरीपर्यंत परस्परांशी न जुळणाऱ्या चवी वॉलेसला त्यात एकत्र आढळल्या. (नुसते वाचून ह्याची कल्पना येणे कठीणच!) ज्या ओरांगउटानांच्या मागावर तो सिमुंजान परिसरात कित्येक महिने राहिला, तेही ह्याच फळावर तुटून पडत.

परंतु वॉलेस चवीपाशी थांबला नाही. दुरियानचे झाड फार उंच. फळ पूर्ण पिकले की आपोआप गळते आणि खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर पडले तर भयंकर जखम करते. प्रसंगी जीवही घेते. आणि येथेच त्याला एक जुनी समजूत आठवली.

ती समजूत आपल्यालाही परिचित आहे. वडाखाली पहुडलेला वाटसरू म्हणतो, एवढ्या थोर वृक्षाला एवढीशी फळे आणि नाजूक वेलीला मात्र भोपळा, हा कसला न्याय? तेवढ्यात वडाचे फळ नाकावर टपकते आणि तो देवाच्या शहाणपणाला हात जोडतो. ला फॉन्तेनने सतराव्या शतकात ओकचे फळ व भोपळा घेऊन फ्रेंचमध्ये हीच कथा सांगितली.

वॉलेसचे उत्तर साधे होते: ही कथा रचणाऱ्यांनी दुरियान पाहिला नव्हता. त्यापूर्वी ॲमेझॉनच्या खोऱ्यात त्याने ब्राझील नटची जड फळेही अशीच उंचावरून कोसळताना अनुभवली होती. निसर्गाचा एक कोपरा पाहून सर्वसाधारण नियम बांधू नये. आणि झाडे, फळे, प्राणी केवळ माणसाच्या सोयीसाठी आहेत असे तर मुळीच मानू नये, असे दोन निष्कर्ष त्याने काढले. बोर्निओचा बांबू आणि दुरियान ह्यांवरील त्याचे हे लेखन १८५६ साली क्यू उद्यानाचे संचालक विल्यम हूकर ह्यांच्या नियतकालिकात छापले गेले.

दुरियानने त्याला उत्क्रांती शिकवली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. प्रत्येक नवी जाती तिच्याशी निकटचे साम्य असलेल्या पूर्वीच्या जातीलगतच उदयास येते, हा त्याचा निबंध सारावाकमध्येच लिहिला जाऊन सप्टेंबर १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. तरीही निसर्गाच्या केंद्रस्थानावरून माणसाला उठवल्याखेरीज १८५८ चा नैसर्गिक निवडीचा सिद्धांत सुचणे अवघड होते, आणि ते उठवणे ह्या फळाच्या निमित्ताने त्याने किती सहज केले, हे मला महत्त्वाचे वाटते.

१८६९ साली दुरियानचे हे प्रकरण त्याच्या ‘द मले आर्किपेलागो’ ह्या ग्रंथात आले. त्याच वर्षी एका परीक्षणात वॉलेसने लिहिले की मानवी मेंदूचा उलगडा नैसर्गिक निवडीने होत नाही, त्यामागे एखादी उच्चतर बुद्धी मानावी लागते. फळे माणसासाठी नाहीत असे सांगणाऱ्यानेच माणसाला मात्र अपवाद ठरवले. डार्विनला ह्याचा फार विषाद वाटला.