तेल आत, चिखल बाहेर

जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलच्या नळीला चाकाकडच्या टोकाशी जादा सील बसवावं की नाही, यावर चिखलपाण्यात गाड्या घालणाऱ्यांचं आजवर एकमत झालेलं नाही. गरज असती तर कंपनीनेच बसवलं नसतं का, असं काहींचं म्हणणं. दुसरे नळीतून खरवडून काढलेली ओली माती समोर ठेवतात. या वादाचा निकाल सीलच्या इतिहासात शोधला तर लवकर लागतो. सीलकडे पहिल्यापासून दोन कामं होती: आतलं तेल आत राखणं आणि बाहेरची घाण बाहेर अडवणं. जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये १९७२ साली यातलं दुसरं काम करणारा मोठा भाग काढून टाकला गेला आणि त्याच्या तोडीचं काही त्या जागी आलं नाही. बाहेरचं सील म्हणजे त्या गेलेल्या भागाची अंशतः भरपाई आहे. म्हणूनच ते चिखलातल्या गाडीला हवं आणि डांबरी रस्त्यावरच्या गाडीला नको.

फिरत्या दांड्याभोवतीची फट बंद करण्याची विद्या मोटारधंद्यात आली ती चामड्याच्या धंद्यातून. सुरुवातीच्या मोटारींत नमद्याचे वॉशर असत. ते धूळ बऱ्यापैकी अडवत, तेल मात्र पाझरू देत, आणि मागच्या अ‍ॅक्सलचं तेल ब्रेकपर्यंत पोहोचे. पुढे चामड्याची ओठासारखी कड दांड्यावर टेकवायची पद्धत रुळली. शिकागोची ‘शिकागो रॉहाइड’ ही कंपनी १८७८ पासून चामड्याचे पट्टे बनवत होती. पुढे ऑइल सीलसाठीच ती ओळखली गेली. जर्मनीत वाइनहाइम इथली ‘फ्रॉइडेनबर्ग’ ही मुळात टॅनरी. १९२९ च्या मंदीत चामड्याची मागणी ढासळल्यावर तिने चामड्याची सीलं करायला घेतली. वाल्टर झिमर या ऑस्ट्रियन अभियंत्याच्या कल्पनेतून चामड्याची कड, धातूचा घेर आणि कड दाबून धरणारी स्प्रिंग असं तिन्हींचं मिळून एक सील तयार झालं. साधं रबर खनिज तेलात फुगतं, त्यामुळे ते इथे चालत नव्हतं. तेलाला दाद न देणारं कृत्रिम रबर आल्यावर १९३६ पासून चामड्याची जागा रबर घेऊ लागलं. रबराने तेल अधिक चांगलं अडवलं, पण त्याला गुळगुळीत दांडा आणि स्वच्छ जागा लागते. खरबरीत दांडा आणि थोडी कचकच चामडं निभावून नेई. रबराच्या पातळ कडेला वाळूचे कण लवकर कापतात. सील जसजसं तेल राखण्यात तरबेज झालं, तसतसं त्याला घाणीपासून जपणं अधिक गरजेचं झालं.

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपची रचना करणाऱ्यांनी हे पुरतं ओळखलं होतं. विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. त्यांच्या पुढच्या अ‍ॅक्सलला दोन्ही टोकांशी बंद गोळा असे. चाक वळवणारा सांधा त्या गोळ्यात ग्रीसमध्ये बुडालेला राही आणि गोळ्याच्या बाहेरून नमद्याची कड फिरून माती पुसून काढी. डिफरेन्शियलचं, म्हणजे अ‍ॅक्सलमधल्या गिअरसंचाचं, तेल राखायला आत वेगळं सील होतं. म्हणजे दोन कामांना दोन पहारेकरी होते. एवढं असूनही पाण्यातून गाडी काढल्यावर वंगणात पाणी शिरलं आहे का, हे तपासणं लष्करी देखभालीचा भाग होता. याचं कारण साधं आहे. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेतून पाणी ओढलं जातं. ब्रीदर, म्हणजे अ‍ॅक्सलमधल्या हवेला ये-जा करू देणारी वाट, तुंबलेला असेल तर हे ओढणं आणखी जोरात होतं.

१९७२ च्या नागरी सीजे जीपमध्ये ‘डाना ३०’ हा उघड्या सांध्याचा अ‍ॅक्सल आला आणि बंद गोळा गेला. हा निर्णय अडाणीपणाचा नव्हता. गोळ्याची सीलं गळत, ग्रीस चाकाकडे येई, दुरुस्तीला वेळ जाई. उघड्या रचनेत चाक अधिक कोनात वळतं आणि सांध्याचा क्रॉस सहज बदलता येतो. बहुतेक गिऱ्हाइकांची गाडी रस्त्यावरच धावणार असेल तर हा सौदा फायद्याचाच. मात्र नळीचं तोंड आता थेट चिखलाकडे उघडलं. तेल राखणारं सील नळीच्या पार आतल्या टोकाला, डिफरेन्शियलला लागून आहे. चाकापासून तिथवरच्या मोकळ्या नळीत माती साठते. दुरुस्तीसाठी दांडा बाहेर काढून परत सरकवताना तीच माती सीलच्या कडेवर घासली जाते. हे सील डिफरेन्शियलच्या आतून बसवलेलं असल्याने ते बदलायला आतला गिअरसंच उतरवावा लागतो. काही रुपयांच्या रबरासाठी अख्ख्या दिवसाचं काम निघतं.

बाहेरच्या सीलवरचे आक्षेप पोकळ नाहीत. सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की दोन्हीकडून बंद केलेल्या नळीत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि आतून गंज धरतो. हे खरं आहे. पण उघड्या नळीतली ओली मातीही पाणी धरून ठेवते, वर कणही आत आणते. पाण्यात बुडालेली गाडी उघडून साफ करावीच लागते. सील त्यातून सुटका देत नाही. आतलं सील फुटल्याची खूण बाहेरचं सील लपवतं, हा दुसरा आक्षेप. एरवी चाकाजवळ तेल ठिबकलं की दोष कळतो. त्यावर उपाय म्हणजे डिफरेन्शियलमधल्या तेलाची पातळी ठरावीक काळाने बघणं, जे तसंही करायलाच हवं. तिसरा आक्षेप असा, की दांड्याचा तो भाग सीलसाठी घासून गुळगुळीत केलेला नसतो, त्यामुळे कड घट्ट बसत नाही. मान्य. पण इथे तेलाचा थेंब रोखायचा नाही, चिखलाचा लोंढा रोखायचा आहे, आणि त्या कामाला जुना नमदाही पुरत होता.

उघडी रचना हीच प्रगती होती, असं म्हणणाऱ्यांनी इतर गाड्यांकडे पाहावं. ७० मालिकेची लँड क्रूझर आणि सुझुकी जिम्नी यांनी बंद गोळा आणि त्याभोवतीची पुसणारी कड सोडली नाही. आपल्याकडच्या जिप्सीतही तीच रचना होती. खराब रस्ता हेच ज्यांचं गिऱ्हाईक, त्यांनी गळतीचा त्रास पत्करला पण घाण अडवणारा पहारेकरी काढला नाही. त्या गोळ्यांची सीलं वेळोवेळी बदलावी लागतात, हाही त्याच इतिहासाचा धडा आहे. तेव्हा उघड्या सांध्याची जीप नियमितपणे चिखलात आणि ओढ्यात जात असेल, तर बाहेरचं सील जरूर बसवावं. त्याआधी ब्रीदरची नळी उंच न्यावी आणि प्रत्येक बुडीनंतर तेल तपासावं. एवढी देखभाल ज्याला जमणार नाही, त्याने अ‍ॅक्सलची नळी उघडीच ठेवून निदान धुण्याची सोय राखावी. न तपासलेलं सील हे सील नसल्यापेक्षा वाईट.