जन्मतारीख ठाऊक असलेला बागुलबुवा

वेताळ केव्हां जन्मला हें कोणी सांगूं शकत नाहीं. अमेरिकेंतील ‘स्लेंडर मॅन’ या बागुलबुवाची जन्मतारीख मात्र पक्की ठाऊक आहे : १० जून २००९. इंटरनेटवर भुताटकीचीं बनावट छायाचित्रें तयार करण्याची चढाओढ चालली होती. तींत एरिक नुडसन यांनीं दोन छायाचित्रांत मुलांच्या पाठीमागें काळ्या पोषाखाची, चेहरा नसलेली, अतिशय उंच आकृति घातली आणि खालीं १९८३ व १९८६ सालच्या खोट्या टिपा जोडल्या.

पुढें अनेकांनीं भर घातली. कोणी तर सोळाव्या शतकांतील जर्मन लाकडी ठशांचीं म्हणून नवींच चित्रें पुढें केलीं! आधीं भूत, मागाहून त्याचा प्राचीन पुरावा; इतिहासाच्या शिक्षकाला धडकी भरावी असाच हा उलटा क्रम. बनावट लपविलेली नव्हती. पण चित्रें फिरत राहिलीं आणि ती कबुली मागें पडली.

३१ मे २०१४ रोजीं विस्कॉन्सिन राज्यांतील वॉकेशा येथें बारा वर्षांच्या दोन मुलींनीं या आकृतीची मर्जी संपादण्यासाठीं आपल्याच मैत्रिणीला रानांत नेलें व तिच्यावर सुरीचे १९ वार केले. ती सरपटत वाटेपर्यंत आली, एका सायकलस्वाराच्या दृष्टीस पडली आणि वांचली.